चालतंय की!

जुनी गाडी बाळगणाऱ्या माणसाला चहाच्या टपरीवर कधी गप्प बसावं लागत नाही. नव्या गाडीवाला फार तर मायलेज सांगतो, आणि ऐकणारे जांभया देतात. आम्ही नुसतं "अहो, परवा काय झालं..." म्हटलं की शेजारच्या बाकावरचा पण ग्लास घेऊन सरकतो. माझी गाडी पंधरा वर्षांची झाली. एवढ्या वर्षांत तिने मला काय दिलं म्हणाल, तर एक महबूबभाई मेकॅनिक आणि हे किस्से.

*

भाईंचं गॅरेज विजापूर रोडला. काहीही विचारा, भाईंचं उत्तर ठरलेलं. "चालतंय की!"

एकदा हॉर्न बंद, वायपर बंद, मागची काच अर्ध्यात अडकलेली. मी वैतागून म्हटलं, "भाई, हिच्यात चालतंय तरी काय?"

भाई शांतपणे हात पुसत म्हणाले, "गाडी!"

*

क्लच झाला, रेडिएटर झाला, सस्पेन्शन झालं. एका शनिवारी मी भाईंपुढे बसून हिशेब मांडला. "भाई, हिच्यात आता मूळचं असं काय राहिलंय?"

"नंबर प्लेट हाय की."

"ती पण बदलली की हो, नव्या नियमाची!"

भाईंनी जरा विचार केला. "मग तुमी हाय की, साहेब."

हे ऐकून आमची ही इतकी हसली! "तुमचे पण गुडघे गेलेत, भाईंना दाखवून घ्या एकदा," म्हणाली. बायकोला अशा वेळी बरोबर नेऊच नये.

*

आता आईबद्दल सांगायला हवं. आई पडली तेव्हा तिच्या पायात रॉड घातला. तेव्हापासून उजवा गुडघा वाकत नाही, पाय सरळच्या सरळ. रिक्षात बसता येत नाही, एसटीचं तर नावच नको. पण आमच्या गाडीची पुढची सीट कधीतरी खाचेतून सुटली आणि कंपनीने ठरवलेल्या जागेच्याही वीतभर मागे जाऊन अडकली. पुढे येईना, मागे जाईना. आईचा पाय तेवढ्या जागेत बरोबर मावतो! म्हणून महिन्यातून एकदा आम्ही तिला मैंदर्गीला नेतो, तिच्या थोरल्या बहिणीकडे. अक्का अंथरुणाला खिळलेली. दोघी हात धरून कानडीत बोलत बसतात. निघताना अक्का दरवेळी विचारते, "परत येशील ना?" आई "येते की" म्हणते, आणि मला त्या शब्दाची फार भीती वाटते. कारण तो पाळायचा या गाडीने.

*

अशाच एका फेरीत, मे महिन्यात, वळसंगच्या अलीकडे इंजिनच्या गरमीचा काटा वर चढला. भाईंना फोन लावला.

"हीटर लावा, साहेब. इंजिनची गरमी आत येते, इंजिन थंड होतं."

सोलापूरचा मे, आणि गाडीत हीटर! काचा उघड्या, आईच्या डोक्यावर ओला पंचा, मी घामाने निथळतोय. पण पोचलो! अक्काने आईचा हात हातात घेतला आणि घाबरून विचारलं, "अगं, ताप आलाय का तुला?"

आई म्हणाली, "गाडीला आला होता. मी थोडा वाटून घेतला."

*

हे कळल्यावर पुण्याहून माझा मुलगा निखिल आला. "बाबा, पुरे झालं आता," म्हणत आम्हाला शोरूमला घेऊन गेला. चकचकीत गाडी, गार हवा, टाय लावलेला पोरगा. आईला पुढच्या सीटवर बसवायला गेलो, तर पाय दारातच अडला. सीट मागे घेतली, ती शेवटच्या खाचेत थांबली.

"आजी, थोडा पाय दुमडा ना," पोरगा म्हणाला.

"दुमडला असता तर चालत आले असते रे बाळा, तुझ्या गाडीला कशाला हात लावला असता?"

निखिलने सीट अजून मागे बसवून मिळेल का, असं विचारून पाहिलं. पोरगा म्हणाला, "वॉरंटी जाईल, सर." आम्ही आपल्या डब्यात बसून घरी आलो. त्यानंतर निखिलने नव्या गाडीचं नाव काढलं नाही.

*

मग गाडीचं पंधरा वर्षांचं आरटीओ पासिंग आलं. पास झाली नाही तर गाडी भंगारात, आणि आईचं मैंदर्गी कायमचं बंद. माझी झोप उडाली होती. भाईंना म्हटलं, "खर्चाचं बघू नका. एकूण एक वस्तू नीट करा."

ब्रेक, दिवे, सायलेन्सर, हॉर्न, भाईंनी काही म्हणजे काही सोडलं नाही. गाडी पास झाली! मी गॅरेजमध्ये पेढे वाटले.

रविवारी सकाळी आई इरकल नेसून, अक्कासाठी शेंगाची चटणी घेऊन फाटकाशी आली. मी गाडीचं दार उघडलं. आई वळून बसायला गेली आणि थांबली. पाय आत जाईना. भाईंनी सीटसुद्धा नीट केली होती!

मी सीट मागे ढकलून पाहिली. खट्टकन शेवटच्या खाचेत बसली, त्याच्या मागे एक बोटही सरकेना.

"राहू दे," आई म्हणाली. "अक्काला फोन लाव. म्हणावं, पुढच्या महिन्यात येते."

पुढच्या महिन्यात काय गुडघा वाकणार होता? मला फार वाईट वाटलं, आणि भाईंचा भयंकर रागही आला. फोनवर ओरडलोच मी.

भाई सुट्टीच्या दिवशी स्कूटरवर पाने आणि ड्रिल घेऊन आले. फाटकाला धरून उभ्या असलेल्या आईकडे त्यांनी पाहिलं, चटणीच्या पिशवीकडे पाहिलं, आणि सरळ सीट बाहेर काढली. नवी भोकं पाडली, सीट वीतभर मागे घेतली, बोल्ट आवळले. मग घाम पुसत मला म्हणाले, "बिघडलेलं नीट करत जिंदगी गेली, साहेब. नीट केलेलं बिघडवायला आज पहिल्यांदा बसलो."

आई बसली. उजवा पाय सरळ पसरला. भाईंनी दार हळूच लावलं आणि खिडकीशी वाकून विचारलं, "अम्मा, पाय कसाय?"

आईने पिशवी मांडीवर घेतली, पायावर थाप मारली आणि म्हणाली,

"चालतंय की!"