चढणीचे मासे

फुजैराच्या डोंगरात, मांडीभर पाण्यात उभं राहून मी माझ्या सख्ख्या बहिणीच्या नवऱ्याचा दात पाडला. त्याचं मला आजही काडीचं वाईट वाटत नाही.

भावोजी तेव्हा नुकतेच शारजाला आले होते. इंडस्ट्रियल एरियात आम्ही एकाच गॅरेजमध्ये कामाला आणि एकाच खोलीत राहायला. माणूस कोकणातला, घर नदीला लागून. मासे मारल्याशिवाय हाताला चैन नाही. सुट्टी आली की "मेव्हणे, पाणी दाखवा" म्हणून माझं डोकं खायचे. शेवटी ओळखीत पिकअप मागितली आणि त्यांना वादीत घेऊन गेलो. वादी म्हणजे इथला डोंगरातला ओढा. एरवी नुसते दगडगोटे. हिवाळ्यात पाऊस झाला की चार डोह भरतात, थोडं पाणी वाहतं आणि त्यात बोटाएवढे मासे दिसतात.

भावोजींनी पँट वर दुमडली आणि गरी घेऊन पाण्यात शिरले. एका डोहातून दुसऱ्यात, शेवाळावरून घसरत, कपारीत हात घालून चाचपत ते वर वर जात राहिले आणि मी शिव्या घालत मागे. डोक्यावर लख्ख ऊन होतं, पण लांबच्या डोंगरामागे आभाळ काळं झालेलं. मोबाईलवर पावसाचा अलर्ट आला. तो दाखवला तर म्हणाले, "एवढ्याशा पाण्याला घाबरतोस? खलास झाला तुझ्यातला कोकणी."

थोड्या वेळाने पायाखालचा तळ दिसेना. पाणी चहासारखं गढूळ झालं, काटक्या वाहत आल्या. मी काठावर चढून ओरडलो, "भावोजी, बाहेर या." त्यांचा तर चेहराच खुलला. गावी नदी अशी गढूळली की चढणीचे मासे येतात, प्रवाहावर उलटे चढणारे, नुसत्या हातांनी धरता येणारे. माणसं हातातलं काम टाकून पाण्याकडे धावतात. इथे त्याच रंगाचं पाणी दिसलं की जीव घेऊन पळायचं असतं. हे मी घसा फोडून सांगत होतो आणि ते "थांब रे, आता चढणीचे येणार" म्हणत शर्ट काढून जाळ्यासारखा पसरत होते, मांडीभर पाण्यात.

वरच्या वळणामागून आवाज आला, डंपर खडी ओततो तसा. मी आत उडी मारून त्यांचं मनगट धरलं. त्यांनी हिसडा दिला, कोपर माझ्या नाकावर बसलं आणि रक्ताची धार लागली. "सोड, मोठा आलास मला शिकवणारा." तिथे माझं सटकलं. बहिणीला फोनवर काय सांगू, एवढं एकच डोक्यात आलं. मूठ वळली आणि सगळा जोर लावून थोबाडात ठेवून दिली. ते धडपडले, मला धरायला आले, तशी दुसरी दिली. "चल वर, मरायचंय का तुला?" जन्मात पहिल्यांदा त्यांना अरे-तुरे केलं. केस आणि पट्टा धरून त्यांना कातळावरून फरफटत वर ओढलं. त्यांची पाठ सोलवटली, माझी नखं उपटली, पण हात सोडला नाही.

आणि पाणी आलं. डोक्याएवढे धोंडे एकमेकांवर आपटत होते. एक बकरी चारी पाय वर करून गडगडत गेली, मागून मुळासकट खजुराचं झाड. आम्ही मघाशी उभे होतो तो डोह कुठे होता तेही कळेना. भावोजींनी तळहातावर दात थुंकला आणि त्या पाण्याकडे बघत बसले.

संध्याकाळी बहिणीचा व्हिडिओ कॉल आला. नवऱ्याचं सुजलेलं तोंड बघून ती किंचाळली, "काय झालं हो?" त्यांनी फोन माझ्याकडे वळवला. "विचार तुझ्या भावाला."

मी काही लपवलं नाही. पाणी, शर्ट, कोपर, दोन्ही ठोसे, सगळं सांगितलं. ती ऐकत राहिली, चेहरा दगडासारखा. मला वाटलं, आता आपलं नातं तुटलं.

"दोनच?" ती म्हणाली. "माझ्या नावाने आणखी दोन ठेवून द्यायच्या होत्यास." आणि ओढणी तोंडात कोंबून ढसाढसा रडायला लागली.