चौदाव्या मजल्याचा मालक

नोएडात फ्लॅट शोधत होतो तेव्हा दलालाने विचारलं, चेक किती आणि कॅश किती? सगळं चेकने, असं मी ताठ मानेने सांगितलं. त्याने माझ्याकडे ज्या करुणेने पाहिलं, ती एरवी डॉक्टरांच्या चेहऱ्यावर दिसते. पण एका बिल्डरला नेमकं असंच गिऱ्हाईक हवं होतं. करार झाल्यावर त्याने मला शाल घातली, आणि मी ती गंभीरपणे घालून घेतली.

का हवं होतं, ते पहिल्या संक्रांतीला कळलं. बायको तिळगुळाचा डबा घेऊन बावीस मजले फिरली आणि जवळजवळ भरलेला डबा घेऊन परत आली. "अहो, चौदाव्यावर तर कड्यांवरचं प्लास्टिकसुद्धा निघालेलं नाही," ती म्हणाली. फ्लॅट सगळे विकले गेले होते. राहायचं कुणालाच नव्हतं. कुणाचा तरी काळा पैसा इथे भिंती होऊन उभा होता, आणि इमारत खरी वाटावी म्हणून आमच्यासारखी चार-सहा कुटुंबं होती.

तिळगूळ मनापासून घेतला तो गेटवरच्या रखवालदाराने. बिहारचा, पन्नाशीचा, गेटजवळच्या कोठडीतच राहणारा. मालक, म्हणजे तो बिल्डर, भला माणूस आहे, असं त्याने बायकोला सांगितलं. त्याला एसी गाडीतून रजिस्ट्री ऑफिसात नेलं, फोटो काढला, अंगठे घेतले आणि वर छोले-भटूरे खाऊ घातले. बायकोला कौतुक वाटलं. मलाही वाटलं.

पावसाळ्यात गेटवर तपास खात्याची नोटीस लागली. जप्त फ्लॅटांची यादी होती. तिच्यात आमचा नंबर नाही हे मी आधी पाहून घेतलं. बाकीची यादी नंतर वाचली. चौदाव्या मजल्याचे चारही फ्लॅट रखवालदाराच्या नावावर होते.

संध्याकाळी तो टोपी हातात घेऊन आमच्या दारात उभा राहिला. सोमवारी त्याला चौकशीला बोलावलं होतं.

"साहब, बस इतना लिख दीजिए कि मैं गेट की कोठरी में सोता हूँ."

मी लगेच लिहायला बसलो. सही करण्याआधी एका वकील मित्राला फोन केला. तो म्हणाला, तुझं नाव फाइलीत गेलं की तुझेही कागद मागतील. माझ्या कागदांत लपवण्यासारखं काहीच नव्हतं. तरीही मी पेन खाली ठेवलं. रखवालदाराला म्हणालो, देखता हूँ. त्याने मान डोलावली. हे उत्तर त्याला नवं नसावं.

सोमवारी तो इस्त्रीचा युनिफॉर्म घालून गेला. परत आला नाही.

"दिलंत ना लिहून?" बायकोने विचारलं. मी पेपर वाचत राहिलो. पुढच्या संक्रांतीला तिने तिळगूळ केला नाही.

लॉबीतल्या मालकांच्या पितळी पाटीवर, जी मी आधी कधी वाचलीच नव्हती, चौदाव्या मजल्यासमोर त्याचं नाव अजून चार वेळा आहे. ते पत्र मी फाडलेलं नाही. घराच्या कागदपत्रांबरोबर खणात आहे. सहा ओळी आहेत. सही तेवढी राहिली.