शेठजींच्या सदऱ्यातले बाळ

डॉक्टर अमिनाबाईंची आणि माझी पहिली भेट छावणीतल्या त्यांच्या जनाना दवाखान्यात झाली. हैदराबादेहून डॉक्टरी शिकून त्या नुकत्याच औरंगाबादेत आल्या होत्या आणि मी परिचारिकेच्या नोकरीसाठी गेले होते. शिक्षण न विचारता त्यांनी माझे दोन्ही हात हातांत घेतले आणि म्हणाल्या, "हात ऊबदार आहेत. उद्यापासून या." घरी वडिलांना वाटले, नोकरी पोळ्या लाटायची असावी.

अपुऱ्या दिवसांच्या बाळांसाठी बाईंना असे हात हवे असत. तेव्हा आपल्या हैदराबाद संस्थानात असे मूल जन्मले, की घरचे रडून मोकळे होत. बाई त्याला कापसात गुंडाळून लाकडी पेटीत ठेवत, भोवती गरम पाण्याच्या रबरी पिशव्या लावत आणि आईचे दूध थेंबाथेंबाने पाजत.

गुलमंडीतले कापडवाले बन्सीशेठ यांचा नातू सातव्या महिन्यातच जन्मला, तोही ऐन थंडीत. शेठाणी तेलाची वाटी घेऊन हजर झाल्या. "न्हाऊ घालते," म्हणाल्या.

बाईंनी त्यांना थांबवले, "अम्माजी, त्याचं अजून नीट येणंच झालेलं नाही. येऊ द्या, मग घाला."

शेठाणींनी सुनेकडे रागाने पाहिले. "हिनंच कायतरी जड उचललं असंल."

"तिनं काही केलेलं नाही," बाई म्हणाल्या. "बाळाला दूध तिचंच लागणार आहे. तिच्यासाठी शिरा करून आणा."

शेठाणी वाटी घेऊन गेल्या आणि मुकाट्याने शिरा घेऊन आल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी एक पिशवी फुटली, दुसरी गळू लागली. बाळ गार पडले, ओठ निळसर दिसू लागले. आईला हुडहुडी भरून ताप आला होता आणि माझे हात ऊबदार असले, तरी अंग पडले काडीसारखे. बाईंची नजर खोलीभर फिरली आणि नातवाला पाहायला आलेल्या शेठजींच्या भरदार देहावर थांबली.

"शेठजी, हात-छाती साबणानं धुवा, सदरा सोडा आणि इथं टेका."

"मी? बाई, गुलमंडीत लोकं हासतील की वो."

"हसू द्या. नातू हवा ना?"

शेठजी टेकले. बाईंनी बाळ त्यांच्या छातीवर ठेवले, वरून सदरा आणि शाल पांघरली आणि बजावले, "बोलायचं नाही, हलायचं नाही."

शेठजींचा आवाज अख्ख्या बाजाराला ठाऊक होता. मुनीमजी मालाचा भाव विचारायला आले, तर शेठजींनी नुसत्या भुवया हलवल्या. मुनीमजी डोळे पुसत परतले. दुपारपर्यंत शेठजींची वाचा गेल्याची बातमी पसरली आणि समाचाराला माणसे येऊ लागली. बाईंनी सगळ्यांना फाटकातूनच परत पाठवले.

उन्हे कलताना शालीआडून मांजराच्या पिलासारखा आवाज आला. बाईंनी वाकून पाहिले. ओठ गुलाबी झाले होते. शेठजींच्या गालांवरून पाणी वाहत होते. ते अगदी हळू म्हणाले, "बाई, नाक ओढू का?"

बाईंनी स्वतःच्या रुमालाने त्यांचे नाक पुसले.

पुढे नव्या पिशव्या आल्या, तरी शेठजी रोज दुकान बंद करून छाती धुवून हजर. नातू आज दुकानात बसतो आणि आजोबांपेक्षा मोठ्याने भाव सांगतो.

बाईंना आता साठ वर्षे पूर्ण होत आहेत. त्यानिमित्तच्या सत्कार समारंभाला येण्याचे त्यांनी कबूल केले आहे. मात्र पेटीत सध्या एक मुलगी आहे, त्यामुळे त्या भाषणांच्या मधूनच उठून गेल्या, तर कोणी गैर मानू नये. बाईंना उदंड, निरोगी आयुष्य लाभो. या शहरात अजून पुष्कळ बाळे घाईने येणार आहेत.