पिनरचे ल्यूबेककर

उत्तर जर्मनीत ल्यूबेक नावाचं एक शहर आहे आणि ते आजवर टिकून राहिलंय ते केवळ आमच्या शेजारच्या काकांमुळे, याबद्दल लंडनच्या पिनर उपनगरातल्या आमच्या रस्त्यावर कुणालाही शंका नाही. खुद्द ल्यूबेकच्या लोकांना हे ठाऊक नसेल तर तो त्यांचा दोष. आपल्या नातवंडाच्या दातांबद्दल सांगावं तसं काका त्या शहराच्या शतकांबद्दल सांगतात. काय कधी आलं, कधी पडलं आणि त्या जागी पुन्हा काय आलं. बाराव्या शतकातल्या आगीपासून सुरुवात करतात, आणि मध्ये कुणी घड्याळाकडे बघितलं तर रागावून पुन्हा आगीपासून सुरू करतात. काका मूळचे विदर्भातल्या एका खेड्यातले. चाळीसहून जास्त वर्षं इंग्लंडात, त्यातली बहुतेक कौन्सिलच्या रस्तेखात्यात. आणि एवढं सगळं असून ते ल्यूबेकला आयुष्यात एकदाही गेलेले नाहीत.

नाही म्हणायला, वरून गेलेत. भारतात जाताना काका दरवेळी डावीकडची खिडकी मागून घेतात, कारण विमान पूर्वेला निघालं की उत्तर डाव्या हाताला येते. चाळीस वर्षांत खाली एकदाही ढग हटले नाहीत, तरी काका दरवेळी "दिसलं!" असं म्हणून शेजारच्या प्रवाशाला हलवून जागं करतात. मग प्रत्यक्ष जात का नाही, असं मी एकदा विचारलं. लंडनहून जायला वेळ तो किती लागणार! काकांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, जणू मी त्यांना सासुरवाडीला हॉटेलात उतरायला सांगत होते. म्हणाले, "तीन दिवसांच्या सिटी ब्रेकला? टूरिस्ट म्हणून? छे! जायचं तर वर्ष आणि एक दिवस राहायच्या तयारीनं जायचं." याचा अर्थ मला तेव्हा कळला नव्हता.

या वेडाचं मूळ एका रेडिएटरमध्ये आहे. काका नव्याने आले तेव्हा ज्या खोलीत राहायचे तिथे थंडीने नाकातून वाफ निघायची. म्हणून सुट्टीचा अख्खा दिवस ते लायब्ररीत भिंतीवरच्या गरम रेडिएटरला पाठ लावून बसायचे, आणि हाताला येईल ते शेल्फ होतं जर्मन इतिहासाचं. त्यातही ल्यूबेकवरचं पुस्तक सगळ्यांत जाड होतं, त्यामुळे ते वाचताना उठावं लागत नसे. काकू हे सांगताना नेहमी कपाळाला हात लावायच्या. "रेडिएटर स्वयंपाकाच्या पुस्तकांशेजारी असता तर माझा संसार सुखाचा झाला असता," असं त्या पहिल्याच भेटीत मला म्हणाल्या होत्या, आणि तेही काकांच्या देखत, त्यांनाच वाढता वाढता.

पण संसार झाला तो ल्यूबेकच्याच पद्धतीने. त्या शहराची श्रीमंती मिठावर उभी राहिली. ल्यूनेबर्गच्या खाणीतलं मीठ गाड्यांवर लादून यायचं, ल्यूबेकच्या गोदामांत भरायचं आणि तिथून जहाजांनी उत्तरेकडे मासे खारवायला जायचं. त्यामुळे काकांनी उभ्या आयुष्यात काकूंना "आमटीत मीठ कमी आहे" असं म्हटलं नाही. ते पहिला घास घ्यायचे, थांबायचे आणि म्हणायचे, "आज ल्यूनेबर्गची गाडी आली नाही वाटतं." काकू न बोलता मिठाची बरणी सरकवायच्या. एकदा विहारात वंदनेनंतर कुणीतरी भाबडेपणाने काकांना "दोन शब्द" बोलायला सांगितलं. त्या दिवशी ल्यूनेबर्गची गाडी निघाली ती जेवणं गार होईपर्यंत ल्यूबेकला पोचलीच नाही.

शहरावर जो जो अन्याय झाला, तो काकांनी स्वतःच्या अंगावर घेतलाय. फ्रेंच सैन्याने ल्यूबेक लुटलं म्हणून आमच्या घरी येऊनही ते क्रोसाँ खात नाहीत. दुसऱ्या महायुद्धात इंग्रजांच्या विमानांनी बॉम्ब टाकले, तेव्हा तिथल्या मोठ्या चर्चच्या मनोऱ्यातल्या घंटा खाली कोसळल्या. त्या जिथे पडल्या तिथेच, तुटलेल्या अवस्थेत, आजही ठेवलेल्या आहेत. ही हकिगत काकांनी समोरच्या घरातल्या, कुत्र्याला फिरवायला निघालेल्या इंग्रज म्हाताऱ्याला फाटकापाशी उभं करून सांगितली, आणि सांगून झाल्यावर त्याच्याकडे नुसतं बघत राहिले. तो बिचारा इंग्रजच. म्हणाला, "सॉरी अबाउट दॅट." काकांनी ल्यूबेकच्या वतीने ती माफी स्वीकारली आणि कुत्र्याला बिस्कीट दिलं. त्या दिवसापासून दोघांचं उत्तम जमतं.

आमच्या दोघांच्या बागांमधलं लाकडी कुंपण कललं, तेव्हा माझ्या नवऱ्याने ते बदलू या असं सुचवलं. काकांना ते मानवेना. ल्यूबेकच्या वेशीचे दोन भलेथोरले बुरूज दलदलीत खचून केव्हाचे कललेत. एकोणिसाव्या शतकात गावाने ती वेस पाडायचीही ठरवली होती, पण मतदान झालं आणि ती अवघ्या एका मताने वाचली. तेव्हा इथेही मतदान होईल, असं काकांनी जाहीर केलं. कुंपण पाडण्याच्या बाजूने माझा नवरा आणि काकू. ठेवण्याच्या बाजूने काका आणि, त्यांच्या चेहऱ्याकडे बघवेना म्हणून, मी. निर्णायक मत काकांच्या आठ वर्षांच्या नातीकडे गेलं. ती रीडिंग शहरातून सुट्टीला आली होती. तिने दोन्ही बाजूंनी फिरून पाहणी केली आणि म्हणाली, "आजोबा, फेन्स थोडा वाकडी आहे, बट इट्स फाइन. मला दोन मार्झिपान पाहिजे. एक आत्ता, एक नंतर." ल्यूबेकच्या मतदानातही असंच काहीतरी झालं असणार, असं काकू म्हणाल्या. कुंपण वाचलं. ते अजून तसंच आमच्या बाजूला कललेलं आहे.

ते मार्झिपान म्हणजे ल्यूबेकची बदाम वाटून केलेली मिठाई. काकूंच्या मते, साखर जास्त झालेली बदामाची वडी. शहराला वेढा पडला, पीठ संपलं, तेव्हा भट्टीवाल्यांनी उरल्यासुरल्या बदामांचे पाव केले, अशी तिथे दंतकथा आहे. काका नाताळात त्याचे डबेच्या डबे आणून ठेवतात, आणि ते कशासाठी, हे आम्हाला इथे राहायला येऊन वर्ष उलटल्यावर कळलं. शनिवारची सकाळ होती. दार वाजलं, उघडलं तर काका सूट-टाय घालून उभे. चेहरा एकदम गंभीर. म्हणाले, "आज तुम्हाला इथे येऊन एक वर्ष आणि एक दिवस झाला." आता परदेशात व्हिसावर राहणाऱ्या माणसाला कुणी टाय घालून दारात तारीख सांगितली की तो काय करणार? मी आत वळून ओरडले, "अरे, फाइल आण!" नवरा धावत फाइल घेऊन आला. तीत पासपोर्ट होते, घराचा करार होता, लग्नाचा दाखला होता आणि का कोण जाणे, त्याची दहावीची मार्कशीटही होती. काकांनी ती सगळी फाइल शांतपणे चाळली, गणितातल्या मार्कांबद्दल त्याचं अभिनंदन केलं आणि मग मार्झिपानचा डबा माझ्या हातात दिला. म्हणाले, "शहराची हवा माणसाला मोकळं करते. आजपासून तुम्ही इथले. कुठून आलात, कुणाचे कोण, हे आता कुणी विचारायचं नाही."

तो जुन्या काळचा कायदा होता. जमीनदाराच्या गुलामीतून पळालेला माणूस ल्यूबेकच्या वेशीतून आत आला आणि वर्ष आणि एक दिवस राहिला, की तो मोकळा. मग त्याच्यावर कुणाचा हक्क नाही. काकांनी हा कायदा पिनरमध्ये लागू केला होता. रस्त्यावर सामानाची गाडी दिसली की स्वयंपाकघरातल्या दिनदर्शिकेवर खूण. मग पंजाबी असो, पोलिश असो की यॉर्कशरचा गोरा असो, वर्ष आणि एक दिवसानंतर त्याच्या दारात काका टाय घालून हजर. यॉर्कशरवाल्याने तर, काका काहीतरी विकायला आलेत असं समजून, दोनदा "नो थँक यू" म्हटलं होतं.

त्या दिवशी संध्याकाळी त्या वाकड्या कुंपणापाशी मी हसत हसत विचारलं, "काका, एवढं का हो मनावर घेता हे? कुठलं ल्यूबेक, कुठले तुम्ही!" काका गुलाबाच्या फांद्या छाटत होते. हात न थांबवता म्हणाले, "आमचं घर गावाच्या वेशीबाहेर होतं. माझ्या आजोबांना आत जायचं तर पायातलं काढून हातात घ्यावं लागायचं. किती पिढ्या राहिलो असू आम्ही तिथे? वर्ष आणि एक दिवस नाही गं, हजार वर्षं राहिलो असू. तरी आत गेलं की पहिला प्रश्न तोच, कुणाचा रे तू? आणि इथे लायब्ररीत रेडिएटरपाशी बसून वाचतो तर काय, एक गाव असं होतं, जिथे नुसतं टिकून राहिलं की पुरे. त्या दिवशी मला खोलीवर जाववेना. लायब्ररी बंद झाली तरी बाहेर पायरीवर बसून राहिलो." मग कात्री खाली ठेवून म्हणाले, "तो कायदा सगळ्यांना नव्हताच सारखा, हे मला नंतरच्या पुस्तकांत कळलं. पण म्हणून काय झालं? आपण नीट लागू करू." मी छाटलेल्या फांद्या गोळा केल्या.

दोन वर्षांपूर्वी काकू गेल्या. बागेत जायच्या त्यांच्या रबरी चपला मागच्या दाराशी जशा काढून ठेवलेल्या होत्या, एक सरळ आणि एक उलटी, तशाच राहिल्या. मी एकदा झाडता झाडता उलटी चप्पल सरळ करायला गेले, तर काका म्हणाले, "राहू दे. घंटा जिथे पडल्या तिथेच बऱ्या." आमटीत मीठ कमी पडलं तरी आता सांगायला कुणी नव्हतं, कारण आमटी काका स्वतःच करायचे. मग मुलगा रीडिंगहून दर आठवड्याला यायला लागला. "बाबा, एकटे किती दिवस राहणार? आमच्याकडे वरची रूम रिकामीच आहे. ट्रेनने तासाभराचं अंतर आहे, तुम्ही असं करताय जणू मी तुम्हाला अंटार्क्टिकाला नेतोय." मुलगा गुणी, सून गुणी. नाही म्हणायला काकांकडे कारणच नव्हतं. पण निघायच्या आदल्या दिवशी ते माझ्या स्वयंपाकघरात येऊन बसले आणि म्हणाले, "या वयात पुन्हा वेशीबाहेर जाऊन उभं राहायचं. इथे सगळ्यांचे दिवस मी मोजले. तिथे माझे कोण मोजणार?" मी हसण्यावारी नेलं. सामानाची गाडी वळणावरून दिसेनाशी झाल्यावर घरात आले आणि दिनदर्शिकेवर खूण केली.

फोनवर काकांचा आवाज मऊ झाला होता, पण तो चांगला मऊ नव्हता. "कसे आहात?" "पाहुण्याला काय होतंय? चहा वेळेवर मिळतो." मुलाशी बोलतानाही ते "तुमच्याकडे" असं म्हणायचे. फ्रिज उघडण्याआधी सुनेला विचारायचे. शेवटी मुलानेच मला फोन केला. म्हणाला, "ताई, परवा डाळीत मीठ टाकायचंच राहिलं होतं. अजिबात नव्हतं. आम्ही सगळे बाबांकडे बघत होतो. ते काहीच बोलले नाहीत. ल्यूनेबर्ग नाही, काही नाही. डाळ छान झाली म्हणाले. मला खूप भीती वाटली." मी त्याला दिलासा दिला, आणि फोन ठेवून दिनदर्शिकेची पानं मोजली. अजून चार महिने होते.

मागच्या शनिवारी मी नवऱ्याच्या कपाटातला एकुलता एक बरा टाय त्याच्या गळ्यात घातला, स्वतः पैठणी नेसले आणि मार्झिपानचा डबा मांडीवर घेऊन रीडिंगच्या ट्रेनमध्ये बसले. एरवी मिळत नाही, म्हणून तो डबा मी नाताळातच घेऊन ठेवला होता. दार सुनेने उघडलं. हळूच म्हणाली, "सकाळपासून सूट घालून खिडकीत बसलेत. विचारलं तर म्हणतात, कचरा नेणारे बिनवाले कधी येतात ते बघतोय. शनिवारी कुठले बिनवाले?" तिच्या मागे काका येऊन उभे राहिले होते. केस भांग पाडून चापून बसवलेले, टायची गाठ घट्ट. मी इतके दिवस पाठ केलेलं सगळं विसरले. कसंबसं म्हटलं, "काका, एक वर्ष आणि एक दिवस झाला. शहराची हवा माणसाला मोकळं करते. आजपासून तुम्ही इथले." आणि डबा पुढे केला.

काकांनी डबा घेतला नाही. आधी खिशातून फोन काढला, तारीख पाहिली, ओठांतल्या ओठांत काहीतरी मोजलं. "बरोबर आहे," म्हणाले. मग डबा घेतला आणि दोन्ही हातांनी छातीशी धरला. त्यांच्या मागे स्वयंपाकघराचं मागचं दार उघडं होतं आणि तिथे पायपुसण्याशेजारी काकूंच्या रबरी चपला दिसत होत्या, एक सरळ आणि एक उलटी. काकांनी डोळे पुसले, घसा साफ केला आणि सबंध घराला ऐकू जाईल अशा आवाजात मुलाला हाक मारली, "अरे ए, चहा टाक! आपल्याकडे पाहुणे आलेत!" आणि कुणाला न विचारता स्वतःच जाऊन फ्रिज उघडून दूध काढलं.

नऊ वर्षं मी त्यांच्या घरात हक्काने डबे उघडून साखर नेत होते. त्या काकांनी मला पहिल्यांदाच पाहुणी म्हटलं. खरं तर त्याचा आनंदच व्हायला हवा होता, आणि झालाही. पण चहा पिऊन निघताना त्यांनी फाटकापर्यंत पोचवायला येऊन "पुन्हा या हं" म्हटलं, तेव्हा मला आमचं ते वाकडं कुंपण आठवलं. त्याच्या पलीकडे आता काका नव्हते.