घरटी एक लाकूड

"तुझ्या येशूला सांग, लाकडं घेऊन ये."

वाडीवाला शेठ हे बोलला तेव्हा माझा बाप अंगणात चटईवर होता. मेलेला. पहाटेच गेला. शेठ चपला घालून अंगणाच्या मधोमध उभा, आणि पाड्यातली माणसं त्याच्या मागे. माना खाली.

आमचा पाडा सफाळ्याच्या मागे, डोंगराला लागून. आमच्यात मयत झालं की घरटी एक लाकूड येतं. सांगावं लागत नाही. भांडण असलं तरी येतं. लहानपणापासून मी डोक्यावर लाकूड घेऊन दुसऱ्यांच्या दारात टाकत आलेली. त्या दिवशी आमच्या दारात काटकीही पडली नाही. शेठने बंदी घातली होती. सगळा पाडा त्याच्या चिकूच्या वाडीत राबायचा, त्याच्या शब्दाबाहेर कोण जाणार? जंगलातलं तोडावं तर फॉरेस्टवाले धरतात, आणि आम्ही दोघी मायलेकी तोडून तोडून किती तोडणार?

माझा गुन्हा एवढाच की मी प्रार्थनेला जायचे.

कशी गेले तेही सांगते. तारापूरला रंगाच्या एका कारखान्यात मी ठेकेदाराकडे कामाला होते. डाव्या हातावर तेजाब सांडलं. ठेकेदाराने एक फडकं दिलं आणि गेटबाहेर काढलं. 'ठीक हो जाए तब आना.' पॅकिंगला माझ्या शेजारी रोझीबाय बसायची. वसईकडची. तिने मला कुंभवलीच्या चाळीत, आपल्या खोलीवर नेलं. दोन महिने ठेवलं. माझी वेणी घालायची, भात कालवून द्यायची. रविवारी तिच्या खोलीत पंधरा-वीस कामगार जमून गाणी म्हणायचे. कुणी माझी जात विचारली नाही. हात कसा आहे, ते विचारलं. मी भिंतीकडे तोंड करून रडले होते त्या दिवशी. मग मी त्यांच्यातलीच झाले; हात बरा होऊन पाड्यात परतले तरी रविवार सोडला नाही. लोक म्हणतात, बाटली. काय घेतलंस, असं डोळा मारून विचारतात. भात घेतला. पोटभर.

शेठने अट घातली. "माझ्या ओट्यावर येऊन नाक घास. सगळ्यांसमोर बोल, चुकले, प्रार्थना सोडली. मग मिळतील लाकडं."

आईने माझे पाय धरले. "घास गो बाय. बा सडंल. नाक घासून काय मरनार हास तू?"

आईचं चुकत नव्हतं. ऊन चढत होतं, माश्या बसायला लागल्या होत्या. मी उठले. दोन पावलं टाकलीसुद्धा. शेठ मागे वळून हसला. "बघा, आली वठणीवर."

तिथे माझं डोकं फिरलं.

"नाय घासनार," मी म्हटलं. "बाला मी जाळीन. तुमी जा आमच्या अंगनातून."

त्याला जा म्हणणारी पाड्यात मी पहिलीच. आईने मला तोंडात येतील त्या शिव्या दिल्या. त्या ऐकत मी सफाळ्याला धावले, गाडी धरून बोईसरला उतरले आणि कुंभवलीची चाळ गाठली. रोझीबायने सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "तुमच्यात कसं करतात?"

मी सांगितलं. घरटी एक लाकूड.

चाळीत लाकूड कुठलं? सगळ्यांकडे रॉकेलचे स्टोव्ह. पण दुपारी टेम्पो पाड्यात शिरला तेव्हा त्यात खाटेचे पाय होते, जेवणाचे पाट होते, कुणाच्या मोरीच्या दाराची फळी होती. रांचीकडचा जोसेफ बॉयलरवर कामाला, त्याने मोडकी खोकी मागून आणली होती. रोझीबायने प्रार्थनेचं बाकडं आणलं. खोलीत ते एकच होतं.

बाप प्रार्थनेतला नव्हता. म्हणून कुणी पुस्तक उघडलं नाही, गाणं म्हटलं नाही. जोसेफ आईपुढे बसला. "माई, जैसा आपके यहाँ होता है, बोलिए." आई सांगत गेली, ते करत गेले. अग्नी मी दिला. पाड्यातली माणसं कुडाआडून बघत होती. ज्यांच्या घरी मी लाकूड टाकलं होतं, त्यांतला एकही बाहेर आला नाही.

आठवड्याने शेठचा मुकादम आला. चिकू उतरवायला माणसं कमी पडत होती. "झालं गेलं विसरा. शेटनी दोघींना बोलावलाय."

आईने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. "माजा मानूस अंगनात पडलेला तवा तुजा शेट हसला," ती म्हणाली. "आता त्याचे चिकू सडू दे." आणि तिने दार लावलं.

रोझीबाय म्हणते, क्षमा कर. पुस्तकात तसंच लिहिलंय. मी तिच्याशेजारी बसून दर रविवारी ते ऐकते. पाड्यातल्यांना मी केली, त्यांचं पोट त्या वाडीत अडकलंय. शेठला केली नाही. देवाला हवी असेल तर त्याने करावी, अंगणात त्याचा बाप नव्हता पडला. मी त्या ओट्याची पायरी मरेपर्यंत चढणार नाही, आणि माझ्या देखत या पाड्यातल्या कुणाला नाक घासायला तिथे जाऊ देणार नाही.