चाचीचा उजवा डोळा

चाची आपली सुई कुणाला ओवू देत नसे. आमच्या धाड गावात गाद्या-रजया शिवणारी ती एकटीच, आणि साऱ्या गावाची चाची. कुणी मदतीला हात पुढे केला की म्हणायची, "माह्या सुईत माह्याच हातानं दोरा जाते. तू आपलं काम पाय."

मला ती 'पत्रकवाला' म्हणे. शेतकऱ्यांच्या चळवळीची पत्रकं वाचतच मी वाढलो. बीटी कपाशी आली तेव्हा स्वतः लिहून आठवडी बाजारात वाटू लागलो: दरवर्षी दुकानातूनच बियाणं घ्यायला लावणारी ही गुलामगिरी आहे! चाची पत्रक घ्यायची आणि त्यात तंबाखू बांधायची. "काऊन बे पत्रकवाल्या, जरा जाड कागदावर छापत जाय ना. तंबाखू सांडून राह्यली."

तंबाखूच तिला नडली. चुन्याची पुडी दातानं फोडताना चुना उडून उजव्या डोळ्यात गेला. शेजारणीनं पाण्याऐवजी घाईघाईनं तूप घातलं. डोळा पांढरा पडला. सगळं शिवण आता डाव्या डोळ्यावर आलं.

मग शहरातल्या एका इस्पितळात अशा डोळ्यांवरच्या नव्या उपचाराची चाचणी चालू असल्याचं कळलं. चांगल्या डोळ्याच्या बुबुळाच्या कडेवरून कणभर तुकडा घ्यायचा, त्यातल्या मूळपेशी, म्हणजे स्टेम सेल, प्रयोगशाळेत वाढवायच्या आणि गेलेल्या डोळ्यावर लावायच्या. मी भडकलो. शेतांवर प्रयोग झाले, आता गरिबाच्या डोळ्यावर? तोही एकुलत्या धड डोळ्यावर? मी तिच्यासोबत गेलो तो भांडायलाच.

"खात्री काय?" मी डॉक्टरीणबाईंना दरडावलं.

"खात्री नाही," त्या म्हणाल्या. "काहींना दिसू लागलंय, काहींना नाही. डाव्या डोळ्याला धोका कमी आहे, पण नाहीच असं म्हणणार नाही. म्हणूनच ही चाचणी. चाचींना नको असेल तर आत्ता घरी जा, कुणी अडवणार नाही."

बियाण्याच्या एकाही जाहिरातीत मी 'खात्री नाही' असं वाचलं नव्हतं. चाचीनं एवढंच विचारलं, "बाई, बियाणं कोनाचं?"

"तुमचंच. तुमच्याच डोळ्यातलं."

"मंग घरचंच हाय ना! पेरा."

डाव्या डोळ्याची पट्टी आधी निघाली. तिनं पिशवीतून सुई काढली आणि दोरा ओवला. तेव्हा कुठे माझ्या जिवात जीव आला. उजव्याला मात्र बरेच महिने लागले. मग एका तपासणीला तिनं डावा डोळा तळहातानं झाकला आणि मला न्याहाळलं.

"ह्या डोयानंही तू तसाच येडपट दिसून राह्यला बे."

इतकी गोड शिवी मला आजवर कुणी दिलेली नाही.

बारीक टाका तिला त्या डोळ्यानं कधी दिसला नाही, माणसं दिसत. तेवढ्यावर ती बाजारभर मिरवायची.

चाची आता नाही. मी पत्रकं अजून लिहितो, बीटीवरचा रागही तसाच आहे. फक्त आता जो छातीठोक खात्री देतो त्याच्यावर आधी लिहितो. ती असतानाच मी नोकरीसाठी गाव सोडलं होतं; त्या दिवशी एसटी वळताना मी मागे पाहिलं. चाची स्टँडवर उभी होती, डावा डोळा तळहातानं झाकून.