कडा कापलेलं सँडविच

पाणीपट्टीच्या ऑफिसात वरच्या मजल्यावर थोरले बसायचे आणि तळमजल्यावर धाकटे. सख्खे भाऊ. थोरले बिलं काढायचे, धाकटे बंद पडलेले मीटर उघडून बसायचे. म्हणजे एकाने लोकांना आकडा द्यायचा आणि दुसऱ्याने तो आकडा चुकीचा कसा ते शोधायचं. तरी त्यावरून दोघांचं कधी वाजलं नाही. वाजलं ते आईवरून.

आई दवाखान्यात होती तेव्हा धाकटे कामासाठी बाहेरगावी गेले होते. आईचं काही खरं नाही हे कळलं तर हा गाडी दामटत येईल, कुठेतरी आपटेल, म्हणून थोरले फोनवर म्हणाले, "सावकाश ये रे, घाई नाही." धाकटे लहानपणापासून शब्द पाळणारे. सावकाश आले. वाटेत चहा घेतला, आईसाठी संत्री घेतली. पोचले तेव्हा आईच्या तोंडावरून चादर ओढलेली होती.

त्या दिवसापासून धाकट्यांनी अबोला धरला. जिन्यात समोरासमोर आले की बुटाची नाडी बांधायला खाली वाकत. त्यांच्या बुटाला नाडी नव्हती ही गोष्ट वेगळी.

मग ऑफिसचं कँटीन बंद पडलं आणि थोरल्यांनी घरचा सँडविच टोस्टर आणून फायलींच्या कपाटामागे बसवला. आता खोटं कशाला बोला, माणूस बिलं बरी काढायचा, पण स्वयंपाकात त्याचा हात खरा चालायचा. कालची भाजी, कुस्करलेला बटाटा, उरलेला भात अंड्यात कालवून, जे मिळेल ते त्या दोन खळग्यांत बसवायचे. लोणी फूटपट्टीने लावायचे. मीठ-मिरपूड टाचण्यांच्या खणात. एकदा साहेब नाक वर करून आले.

"कसला वास येतोय?"

"प्रिंटर तापलाय, साहेब."

"प्रिंटरला कांदा कोण घालतं?"

पण साहेबही अर्धा तुकडा खाऊन गेले, तेव्हा तक्रार कुठे करणार?

टोस्टरमध्ये एका वेळी दोन सँडविच व्हायची. एक थोरल्यांचं. दुसरं ताटलीत झाकून चहावाल्या मावशींच्या हातात. "खाली देऊन या. माझं नाव घेऊ नका." मावशी चहाच्या ट्रेमधून ताटली न्यायच्या आणि रिकामी परत आणायच्या.

ती रिकामी ताटली हेच थोरल्यांचं सुख. टपाल आल्यासारखे ती हातात घेऊन वाचायचे. मिरचीचे तुकडे बाजूला काढलेले दिसले की म्हणायचे, राग आहे अजून. दुसऱ्या दिवशी मिरची बंद. एकदा ब्रेडच्या कडा तशाच परत आल्या. थोरल्यांना कोण आनंद! "लहानपणीसुद्धा कडा टाकायचा! आईचा मार खायचा, पण कडा खायचा नाही!" तेव्हापासून ते कडा कापून सँडविच करू लागले, आणि कापलेल्या कडा स्वतः चहात बुडवून खाऊ लागले. भाऊ खातोय म्हणजे आज ना उद्या बोलेल, असा त्यांनी हिशेब मांडला होता.

बोलण्याआधी धाकट्यांची बदली झाली. दूरच्या शहरात, बायकोपोरांसकट. सामान सकाळीच गेलं होतं. दुपारी ऑफिसात निरोप घेऊन ते तिथूनच स्टेशनवर जाणार होते. थोरल्यांना आता एवढंच हवं होतं, की जाण्याआधी त्याने एकदा 'दादा' म्हणावं. म्हणून त्या दिवशी ताटली मावशींना न देता ते स्वतःच घेऊन खाली उतरले.

धाकटे टेबलाचा खण रिकामा करत होते. ताटलीकडे बघून त्यांनी मान हलवली.

"मला चालत नाही."

"रोज तर खातोस!"

"मी? डॉक्टरांनी गहू कधीच बंद केलाय माझा. ब्रेडचा तुकडा खाल्ला तरी पोट धरून बसतो."

थोरल्यांनी दाराकडे पाहिलं. तिथे मावशी उभ्या होत्या, आणि त्यांच्यामागे वॉचमन, ज्याच्या तोंडात दात मोजकेच होते.

"पहिल्याच दिवशी त्यांनी ताटली सरकवली," मावशी पदराशी चाळा करत म्हणाल्या. "भरली ताटली वर घेऊन आले असते तर तुमच्या तोंडाकडे बघवलं नसतं. म्हणून आम्ही दोघांनी... मग रोजचंच झालं."

"कडा मला चावत नव्हत्या, साहेब," वॉचमन म्हणाला. "तुम्ही कापून द्यायला लागलात, तेव्हा फार बरं वाटलं."

धाकट्यांच्या हातातला स्क्रू-ड्रायव्हर खाली गेला. "रोज पाठवत होतास?"

थोरल्यांनी ताटली टेबलाच्या कोपऱ्यावर ठेवली.

"विचारायचंस ना, दादा. काय चालतं, काय नाही. तू सगळं मनातल्या मनात ठरवतोस आणि दुसऱ्याने त्यावर राहायचं. आईच्या वेळीही मला विचारलं नाहीस, लवकर यायचंय का म्हणून."

'दादा' म्हणून झालं होतं. पण ते असं ऐकायला मिळेल हे थोरल्यांच्या ध्यानीमनी नव्हतं. त्यांनी विचारलं, "मग खातोस काय हल्ली?"

"भात. बटाटा. अंडं."

"अंडं चालतं?"

"चालतं. पण टॅक्सी आलीय."

"हे बघ, आलोच मी. थांबशील?"

धाकट्यांनी पिशवी खांद्याला लावली. थोरले गुडघ्यांवर हात देत जिना चढले. चहाच्या कपात अंडी फेटली, खळग्यांत ओतली आणि झाकण दाबून उभे राहिले. मधेच उघडलं तर अंडं वरच्या पत्र्याला चिकटतं, ही त्या टोस्टरची खोड. लाल दिवा विझेपर्यंत त्यांनी झाकणावरचा हात काढला नाही.

ताटली घेऊन खाली आले तेव्हा फाटक उघडं होतं.

"थांबले होते थोडा वेळ," वॉचमन म्हणाला. "टॅक्सीवाला कटकट करत होता, तरी दार उघडं धरून जिन्याकडे बघत होते. मग बसले."

"काही म्हणाला?"

"नाही, साहेब."

ऑम्लेट चांगलं फुललं होतं. वाफ येत होती. मावशी आल्या, मीटर विभागातले दोघे आले, वॉचमनही तिथेच होता. एरवी ताटलीवर तुटून पडणारी सगळी मंडळी, पण त्या दुपारी कुणालाच भूक नव्हती.